चिठ्ठीतला ‘न’

चिठ्ठी माझीच होती. लेटरहेड माझं, सही माझी, शिक्का माझा. त्यातलं एक अक्षर मात्र माझं नव्हतं.

समोर महाजन सर बसले होते. सुरतेच्या बमरोली भागातल्या एका छोट्या खासगी मराठी शाळेचे मुख्याध्यापक. माझं क्लिनिक पांडेसऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर होतं, त्यामुळे त्यांच्या शाळेतल्या शिक्षिका आणि मुलांच्या आया माझ्याकडेच यायच्या. सर मात्र पहिल्यांदाच आले होते आणि ओपीडी संपेपर्यंत तासभर बाकावर बसून राहिले होते. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दारात एकटा पुरुष तासभर बसतो, तेव्हा काम साधं नसतं.

“हे तुम्हीच लिहून दिलंय ना, मॅडम?”

मी वाचलं. ‘सौ. छाया सोनवणे यांना मानसिक त्रास होत असल्यामुळे तीन दिवस विश्रांतीची गरज आहे.’

मी लिहिलं होतं ‘मासिक’. पाळीचा त्रास. बाकीच्या डॉक्टरांसारखी मी इंग्रजीत फराटे ओढत नसे. आमच्या भागातल्या बायकांना वाचता यावं म्हणून मराठीत, ठळक अक्षरात लिहायचे. आता ‘मा’ आणि ‘सि’ यांच्यामध्ये कोणीतरी एक ‘न’ बसवला होता. मध्ये जागा नव्हती, म्हणून तो जरा वर चढवलेला. खाली शाईची बारीकशी टोचण. निळी शाई, माझ्यासारखीच.

“ट्रस्टींनी वाचलंय,” सर म्हणाले. “पहिलीचा वर्ग आहे, मॅडम. चौसष्ट मुलं. गेल्या महिन्यात बाईंनी एका मुलाला चापट मारली आणि मग स्वतःच वर्गात रडत बसल्या. शनिवारी मीटिंग आहे. बाई अजून कायम झालेल्या नाहीत. तुम्ही मला स्पष्ट लिहून द्या. मासिक की मानसिक, एक काय ते.”

माझा हात पेनाकडे गेलाच होता. ‘मासिक’ लिहायचं, खाली दोन रेघा ओढायच्या, काम खल्लास. ‘मासिक’ लिहिलं तर छायाबाई सोमवारी वर्गात उभ्या राहणार होत्या. ‘मानसिक’ लिहिलं तर नोकरी जाणार होती आणि मामला तिथेच थांबणार नव्हता. बाई वेडी आहे असं एकदा कागदावर आलं की सासरचे तिला खानदेशच्या गाडीत बसवून मोकळे होतात, हे मी दोनदा पाहिलं होतं. तिला चार वर्षांची मुलगी होती. मुलगी सुरतेत राहिली असती आणि आई माहेरच्या ओट्यावर.

पण मी पेन उचललं नाही. त्याला कारण माझा चांगुलपणा नव्हे, माझा स्वभाव. मी जन्माची संशयी. दूधवाला बदलला तरी मी आठवडाभर दूध हुंगून बघते. इथे तर माझ्या चिठ्ठीत कोणीतरी हात घातला होता. तो कोणाचा, हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

“शुक्रवारी या,” मी म्हटलं. “चिठ्ठी माझ्याकडे राहू द्या.”

सर उठता उठता म्हणाले, “एक सांगू का? त्यांच्या घरचं वातावरण काही ठीक दिसत नाही. सासू रोज त्यांच्या मागे मागे शाळेच्या फाटकापर्यंत येते. शाळा सुटायच्या आधी परत हजर. पाळतच ठेवते म्हणा ना.”

झालं. माझ्या संशयाला पत्ता मिळाला.

सर गेल्यावर मी रेखाबेनला हाक मारली. ती माझी रिसेप्शनिस्ट, कंपाउंडर आणि गुप्तहेर खातं, तिन्ही एकत्र. तिने चिठ्ठी उजेडाला धरली, तिरकी केली, भिंगातून पाहिली.

“मॅडम, आ न तो पाछळथी घालेलो छे.”

“मागाहून घातलाय, ते मलाही दिसतंय. कोणी घातला असेल?”

“सासू,” ती क्षणभरही न थांबता म्हणाली. मग थोडा विचार करून पुढे म्हणाली, “अथवा सर पोते. सरनी भाणीए पीटीसी कर्युं छे.”

सासू नाही तर सर स्वतः. पीटीसी म्हणजे आमच्याकडचा प्राथमिक शिक्षकांचा कोर्स. सरांची भाची तो करून घरी बसली होती आणि शाळेत जागा नव्हती. एका चहाच्या कपात माझ्याकडे दोन आरोपी जमा झाले. तिसरा नवरा. नवरा तर माझ्या यादीत नेहमीच असतो.

असं का, ते सांगते. हे नव्वदच्या दशकाच्या मधलं सुरत. लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या आणि कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या कामासाठी खानदेशातून कुटुंबंच्या कुटुंबं येत होती. दोन खोल्यांत सात माणसं. या गर्दीत बाईचं काही बिनसलं की तिच्यावर दोनच शिक्के बसायचे. पहिला ‘बायकांचं असतंच तसं’, दुसरा ‘डोक्यावर परिणाम झालाय’. पहिला शिक्का बसला की कोणी उपचार करत नसे. दुसरा बसला की कोणी नांदवत नसे. त्याच्या दोनच वर्षं आधी एक गृहस्थ माझ्याकडे मिठाईचा बॉक्स घेऊन आले होते. बायको वेडी आहे असा दाखला पाहिजे होता. ती बाई त्यांच्यापेक्षा शहाणी होती. बॉक्स मी परत दिला, पण दाखला त्यांनी दुसरीकडून मिळवलाच. तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणी नवरा बायकोच्या आधी बोलायला लागला की माझे कान उभे राहतात.

छाया सोनवणे साधारण महिन्यापूर्वी माझ्याकडे आली होती. नवऱ्याबरोबर. तो सुनील, एका डाइंग मिलमध्ये फिटर. नखांत रंग, अंगात मिलचा शर्ट. छायाचं वय सव्वीस-सत्तावीस. नीट पिन लावलेली साडी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात.

“काय होतंय?” मी विचारलं.

“हिची चिडचिड होते, मॅडम,” सुनील म्हणाला. “रडते. झोप नाही.”

“पाळी कधीची?”

“सकाळची, मॅडम,” सुनील म्हणाला. “सोमवारपासून रात्रीची आहे.”

मिलमध्ये शिफ्टला पाळीच म्हणतात. रेखाबेन दाराआड फिस्सकन हसली. मला हसू आवरेना. सुनीललाही उशिरा कळलं आणि तो कानापर्यंत लाल होऊन हसायला लागला. खोलीत हसली नाही ती एकटी छाया. मी ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. बाहेर तीस बायका बसल्या होत्या.

“चार-पाच दिवसांत येईल,” छाया म्हणाली. ती पाळीबद्दल बोलत होती.

मला तेवढं पुरलं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पुष्कळ बायकांचं असं होतं. हार्मोन्स म्हणजे शरीरात इकडून तिकडे निरोप नेणारी रसायनं. महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांतली काही चढतात आणि पाळीच्या तोंडावर झपकन उतरतात. त्या उतरणीवर कोणाचं डोकं दुखतं, कोणाला रडू येतं, कोणाला समोरच्याचं श्वास घेणंसुद्धा खुपतं. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. मी हे सुनीलला समजावून सांगितलं. लक्षात घ्या, सुनीलला. छायाला नव्हे.

तिने तेवढ्यात तोंड उघडलं होतं. “मॅडम, पाळी नसते तेव्हाही मला…”

“होतं, होतं,” मी म्हटलं. “सगळ्यांना होतं. चहा कमी करा. या गोळ्या घ्या.” व्हिटॅमिन आणि कॅल्शियम लिहिलं. शाळेसाठी चिठ्ठी लिहिली. चार मिनिटं लागली असतील. पर्सवरचे हात तिने उचलले, चिठ्ठी घेतली आणि ती गेली.

आता त्याच चिठ्ठीचा तपास करायला मी बसले होते.

बुधवारी संध्याकाळी सुनीलला निरोप धाडला. तो ड्यूटी संपवून तसाच आला, कोपरापर्यंत निळा. मी चिठ्ठी पुढे ठेवली.

“ही शाळेत कोणी दिली?”

“हिनेच. का, मॅडम?”

“घरी कोणाच्या हातात होती?”

“रात्रभर टीव्हीवर ठेवली होती. काय झालं?”

“यात एक अक्षर कोणीतरी वाढवलंय. तुमच्या बायकोला वेडी ठरवणारं.”

तो वाचायला लागला. ओठ हलवत, सावकाश. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ‘मानसिक’ या शब्दावर तो थांबला आणि त्याचा चेहरा उतरला. मी बारकाईने बघत होते. चोराचा चेहरा उतरतो तसा की माणसाचा, हे मला ठरवता आलं नाही.

“मी केलंय असं वाटतं तुम्हाला?”

“मी विचारतेय.”

“मॅडम, तुम्हीच बोलला होतात की पाळी आली का बरी होईल,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. “पाळी आली. गेली. मी रोज कामावरून आलो का पहिलं तिच्या तोंडाकडे बघतो. काही फरक नाही. मी बोललो, चल परत डॉक्टरकडे. ती बोलते, काही फायदा नाही. सहा महिने झाले, ती माझ्याशी भांडलीसुद्धा नाही.”

भांडत नाही ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर म्हणून मला तिथेच ठेच लागायला हवी होती. मासिक त्रासवाली बाई भांडते, आणि भांडून झालं की बोलतेही. पण माझ्यातली डॉक्टर तेव्हा सुट्टीवर होती आणि फौजदार ड्यूटीवर. मी मनात टिपलं ते एवढंच, की चिठ्ठी रात्रभर टीव्हीवर होती आणि सासू घरात होती.

गुरुवारी दुपारी मी रेखाबेनला घेऊन बमरोलीला गेले. चाळीला लागून लूमचं खातं. खटखट इतकी की आपलंच बोलणं आपल्याला ओरडून सांगावं लागतं. दारात द्वारकाबाई बसल्या होत्या, छायाच्या सासूबाई. साठीच्या, बारीक, काटक. मांडीवर नात. मला बघून नातीला खाली ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला.

“या, डाक्टरीण बाई, बठा.”

माझं माहेर भुसावळचं. अहिराणी मला सगळी समजते, बोलताना मात्र जीभ अडखळते. मी मराठीतच विचारलं. चहा घेतला नाही. आरोपीकडचा चहा कसा घेणार?

“छायाबाई कुठे आहेत?”

“नीजेल शे मजार.” आत झोपली आहे. शाळेतून अर्ध्या दिवसाने सुटी झाली होती.

मी चिठ्ठी काढली. “हे अक्षर तुम्ही लिहिलंत का?”

त्यांनी कागद हातात घेतला. उलटा. मग माझ्याकडे पाहिलं.

“माले लिखता येस का, बाई? माले तं मन्हं नाव बी वाचता येत नई.”

रेखाबेनने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. पण हट्ट सोडला नाही. “मग तुम्ही तिच्या मागे मागे शाळेपर्यंत का जाता? सगळ्यांना दिसतंय. लोक म्हणतात तुम्ही सुनेवर पाळत ठेवता.”

“ठेवस,” द्वारकाबाई म्हणाल्या.

कबुली इतकी चटकन मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पुढचं त्यांनी खाली बघून सांगितलं. लूमच्या आवाजात मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

“दोन महिना व्हयनात. मी तिले डबा देवाले मांगे गयथू. ती रेल्वे फाटकजोडे उभी व्हती. एक गाडी गई. दुसरी गई. फाटक उघडनं, लोके निंघी गयात. ती तठेच उभी. मी हात धरा तं माले वळखेच ना.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “त्या दिनपासून मी तिले एकली जाऊ देत नई. लोके म्हनतस, सासू पाळत ठेवस. म्हनू द्या.”

डोक्यातली तीन आरोपींची यादी कोणीतरी ओल्या फडक्याने पुसावी तशी झाली.

“पाळीच्या आधी जास्त होतं का तिला?” मी विचारलं. हा त्या आठवड्यातला माझा पहिला डॉक्टरी प्रश्न.

“पाळी येवो नई तं न येवो, तिन्हं तोंड तसंच ऱ्हास. पाच वाजाले उठस आन भितकडे देखत बठस. घास हातमा धरीसन बठी ऱ्हास. पोरगी रडस, तिले आयकू येत नई.”

पहाटे लवकर जाग येणं, भिंतीकडे बघत बसणं, जेवणावरची वासना जाणं, पोटच्या पोरीचं रडणं कानापर्यंत न पोचणं. हे वैद्यकीच्या पहिल्या पुस्तकात असतं. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळवले होते. पेशंट समोर बसली तेव्हा मात्र तारीख विचारली आणि मोकळी झाले.

छाया दाराशी येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कोण जाणे. साडी तशीच नीट पिन लावलेली. शिक्षिकेची सवय. मी तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. रेखाबेनला बाहेर बसवलं. या वेळी नवरा नाही, सासू नाही, दार बंद.

“छायाबाई, ही चिठ्ठी बघा. यात हा ‘न’ कोणी घातला?”

“मी,” ती म्हणाली.

“तुम्ही?”

“अक्षर सुटलं होतं, मॅडम.”

तिने बोट ठेवलं ते शाईच्या त्या टोचणीवर. मी आता नीट पाहिलं. टोचण नव्हती ती. लहानशी, दोन रेघांची, उलट्या व्ही सारखी खूण होती. वहीत मुलाचं अक्षर राहिलं की शिक्षक ओळीखाली जी खूण करून वर अक्षर लिहितात ती. काकपद. कावळ्याचं पाऊल. खोटा दाखला करणारा माणूस अक्षर लपवून घुसवतो. तो ‘मी इथे दुरुस्ती केलीय’ असं सांगणारी खूण कशाला करेल? भिंग घेऊन बसलेल्या आम्हा दोघींना ते दिसलं नव्हतं. आणि गंमत बघा, पाळी आली की जुन्या बायका म्हणतात कावळा शिवला. बाईला कावळा शिवायचाय एवढं ऐकून मी चिठ्ठी लिहिली होती आणि कावळ्याचं पाऊल चिठ्ठीवर उमटलं तेव्हा मी चोर शोधत होते.

“पण असं का केलंत? नोकरी जाईल याचा विचार नाही केला?”

शब्द कुठून तरी खोलातून आणावे लागत असावेत तसं तिचं बोलणं होतं.

“तुम्हाला सांगायला गेले होते. तुम्ही ऐकलं नाही. म्हटलं, कोणी वाचलं तर.”

बायकांच्या बाजूने भांडणारी डॉक्टर म्हणून मी मिरवत होते.

मग तिने पर्स उघडली. त्यातून टाचण वही निघाली. शिक्षक उद्या काय शिकवायचं ते रोज आदल्या दिवशी लिहितात, ती वही. प्रत्येक तारखेच्या समासात पेन्सिलीने बारीक टिंब किंवा फुली होती. टिंब म्हणजे दिवस निभावला, फुली म्हणजे निभावला नाही. पाळीच्या दिवसांभोवती चौकट. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळेना म्हणून ती मांडत गेली होती. पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हाही वही त्याच पर्समध्ये होती. पर्सवर ठेवलेले ते दोन हात मला आठवले.

आता वाचकांसाठी थोडं. मनाचे चढउतार पाळीमुळे आहेत की मनाचाच आजार आहे, हे एका भेटीत सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणीही नाही. साधा उपाय असा, की दोन महिने रोजच्या रोज लिहून ठेवायचं. वाईट दिवस पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळा होत असतील आणि पाळी आल्यावर निदान एक आठवडा तरी बाई पूर्ण पहिल्यासारखी असेल, तर बहुतेक हार्मोन्सचा खेळ. वाईट दिवस महिनाभर पसरलेले असतील तर दुसरीकडे बघायचं. यात एक चकवा असतो. मनाचा आजारही पाळीच्या तोंडावर जोर करतो. छायाच्या वहीत चौकटीच्या आधी फुल्यांची दाटी होतीच. तेवढंच पान कोणी मला दाखवलं असतं, तर मी पुन्हा ‘मासिक’च लिहिलं असतं. पण चौकटीच्या नंतरही फुल्या होत्या. पंधरा तारखेलाही, पंचवीसलाही. शेवटच्या दोन महिन्यांत टिंबं मी बोटावर मोजली.

“रेल्वे फाटकाजवळ उभ्या होतात त्या दिवशी मनात काय होतं?” मी विचारलं. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते भरतं, ही लोकांची समजूत चुकीची आहे. विचारायचंच असतं.

“काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “त्याचीच भीती वाटली.” आणि मग ती रडली. पदराची पिन सावरत, आवाज न करता.

त्याच संध्याकाळी मी तिला माझ्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. सुनीलने मिलमधून अर्धी सुट्टी काढली, द्वारकाबाई बरोबर आल्याच. थायरॉइडसाठी रक्तही तपासायला पाठवलं, कारण ती ग्रंथी मंदावली तरी माणूस असाच दिसतो. खरं सांगते, रिपोर्टमध्ये थायरॉइड निघावं असं मला मनातून वाटत होतं. तो हार्मोनचा आजार. त्यात अब्रू जात नाही, आणि माझी चूकही निम्मी झाली असती. रिपोर्ट नॉर्मल आला. निदान झालं डिप्रेशनचं. गोळ्या सुरू झाल्या, त्या लागू पडायला तीन-चार आठवडे जातात. तोवर एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं. द्वारकाबाई म्हणाल्या, ते तर चालूच आहे. निघताना मी त्यांची माफी मागितली. कशाची, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी महाजन सर आले.

“मग, मॅडम? मासिक की मानसिक?”

मी लिहून ठेवलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. ‘सौ. छाया सोनवणे आजारी आहेत. उपचार चालू आहेत. सहा आठवडे रजा द्यावी. त्यानंतर त्या कामावर येऊ शकतील.’

सरांनी कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. “यात आजाराचं नाव नाही.”

“नाही.”

“म्हणजे मानसिकच.”

“म्हणजे आजारी. सर, उद्या तुम्हाला मूळव्याध झाली तर ट्रस्टींना नाव लिहून कळवू का?”

सर खोकले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “सहा आठवडे वर्ग कोणी घ्यायचा?”

“तुमची भाची आहे ना,” मी म्हटलं. राहवलं नाही.

सर चमकले, पण त्यांनी तेच केलं. शनिवारच्या मीटिंगमध्ये रजा मंजूर झाली आणि सोमवारी भाची वर्गावर हजर झाली. आता ही खुर्ची सोडत नाही, असं मी रेखाबेनला छातीठोकपणे सांगितलं. सहावा आठवडा उजाडायच्या आत भाचीच माझ्याकडे आली. घसा बसलेला, डोळ्यांखाली काळं. “मॅडम, सोनवणे बाई कधी येणार?” चौसष्ट मुलांनी तिची हौस पुरी फेडली होती. माझा उरलासुरला संशयही गेला.

छाया सातव्या आठवड्यात वर्गावर गेली. पूर्ण बरी व्हायला वर्षाच्या वर लागलं. मध्ये एकदा गोळ्या बंद करून पाहिल्या, पुन्हा सुरू कराव्या लागल्या. शाळेत कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. द्वारकाबाई पुढची चार वर्षं शाळेच्या फाटकापर्यंत जात राहिल्या. नंतर नातीला सोडायला म्हणून.

ती चिठ्ठी सरांनी परत मागितली नाही. अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी एक पद्धत पाळली. चिठ्ठी लिहून झाली की घडी घालायची नाही. पेशंटच्या हातात उघडी द्यायची आणि म्हणायचं, “वाचा. माझ्याकडून काही सुटलं असेल तर सांगा.” वाचता न येणाऱ्यांना रेखाबेन वाचून दाखवायची. बहुतेक बायका बरोबर आहे म्हणून उठायच्या. एखादी मात्र उठायची नाही. मग मी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बाजूला सरकवायचे आणि रेखाबेनला सांगायचे, पुढची बाई दहा मिनिटांनी पाठव.